बोरीची हत्यारं शोधताना: आधी कागद, मग कपाट

मागच्या महिन्यात एम.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचा मेसेज आला. "दादा, बोरीची दगडी हत्यारं कुठल्या म्युझियममध्ये बघायला मिळतील? सिनॉप्सिसमध्ये लिहायचंय." मी सवयीने 'डेक्कन कॉलेजपासून सुरुवात कर' असं टाइप केलं आणि पाठवायच्या आधीच पुसून टाकलं. उत्तर चूक नव्हतं. पण तेवढ्या उत्तरावर ती पुण्याला गेली असती, कपाटापुढे उभी राहिली असती आणि नक्की काय मागायचं हेच तिला सुचलं नसतं. मी स्वतः एकदा असा उभा राहिलो आहे, म्हणून सांगतो.

संग्रहालयातली वस्तू शोधणं हे आपल्याकडे संशोधनाच्या आधीचं हमालीचं काम समजलं जातं. कॅटलॉग करणं तर कारकुनी. माझंही तसंच मत होतं. बोरीने ते बदललं, कारण बोरीच्या बाबतीत एक दगड राखेच्या थराच्या वर होता की खाली, या एका नोंदीवर लाखो वर्षांचा हिशेब अवलंबून आहे.

आधी बोरी म्हणजे कुठली बोरी ते ठरवू. मी बोलतोय ती बोरी बुद्रुक, जुन्नर तालुक्यातली, कुकडीच्या काठची. कुकडी पूरच्या कुकडेश्वराजवळ उगम पावते, येडगावच्या धरणातून पुढे बोरीवरून निघोजच्या रांजणखळग्यांकडे जाते आणि शेवटी घोडनदीला मिळते. बोरी बुद्रुकच्या जोडीला बोरी खुर्द आहेच. बुद्रुक म्हणजे फारसी 'बुजुर्ग', थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं. पुणे जिल्ह्यातच दौंडकडे बोरीबेल आणि बोरीपार्धी आहे. परभणी जिल्ह्यात एक बोरी आहे. खानदेशात तर बोरी नावाची नदीच आहे. आता कल्पना करा, एखाद्या ट्रेमध्ये फक्त 'बोरी' असं लिहिलेली चिठ्ठी आहे. पुरातत्त्वाच्या माणसाला लगेच कुकडीची बोरी आठवते, कारण तीच प्रसिद्ध आहे. पण प्रसिद्धी हा काही पुरावा नाही. चिठ्ठीवर तालुका नसेल, नदी नसेल, तारीख नसेल, तर ती चिठ्ठी वाचून आपण जे म्हणतो तो अंदाज असतो, नोंद नसते.

गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग हा आणखी एक घोळ. पुणे हे पूना, जुन्नर हे जुन्या इंग्रजी लिखाणात जुनीर, कुकडीत मधला 'ए' कधी असतो कधी नसतो, बुद्रुकचं नुसतं 'बीके' होतं. संगणकावरच्या यादीत एकाच स्पेलिंगने शोधलंत तर अर्धा माल हाती लागत नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर सगळी स्पेलिंगं लिहून ठेवली आहेत. साधी गोष्ट आहे, पण मला ती सुचायला सहा महिने लागले!

आता राखेकडे येऊ.

बोरीजवळ कुकडीने आपल्याच जुन्या गाळातून कापत जाऊन उंच कडे तयार केले आहेत. त्या गाळात एक पांढुरका थर दिसतो. हात लावला तर पिठासारखा मऊ. हा नदीचा गाळ नाही, ज्वालामुखीची राख आहे. शास्त्रीय भाषेत टेफ्रा. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे बारीक तुकडे दिसतात. महाराष्ट्राचा काळा दगड ज्वालामुखीतूनच आला हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यात नवल वाटत नाही. नवल यात आहे की आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आणि ही राख त्या मानाने कालपरवाची. ती आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून, टोबा ज्वालामुखीतून, तीन हजारांहून जास्त किलोमीटर वाऱ्यावर. टोबाच्या जागी आज शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे, यावरून तो स्फोट केवढा असेल बघा.

१९८०च्या दशकात विश्वास काळे, शरद राजगुरू, रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा अशा संशोधकांनी बोरीच्या कड्यांवर काम केलं. राखेशी संबंधित गोटे-वाळूच्या थरांमध्ये अश्युलियन पद्धतीची दगडी हत्यारं सापडली. हातकुऱ्हाड, फरशी, छिलके हा या परंपरेचा ऐवज. एरवी नदीकाठी सापडणाऱ्या दगडी हत्याराचं वय सांगणं फार अवघड, कारण दगडाचं वय मोजून काही उपयोग नाही. हत्यार कधी घडवलं ते हवं असतं. पण राखेचं वय मोजता येतं. मग हत्यार राखेखाली असेल तर ते राखेपेक्षा जुनं, वर असेल तर नवं. इतकं सोपं. निदान ऐकायला तरी.

राखेचं वय किती? पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने पहिला आकडा आला सुमारे १४ लाख वर्षांचा. त्या आकड्याने खळबळ उडाली. भारतातल्या माणसाचा इतका जुना पुरावा आपल्या नारायणगाव-आळेफाटा पट्ट्यात! मग १९९५ साली एकाच वर्षात दोन उलट दिशेचे निष्कर्ष छापून आले. शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी अरगॉन-अरगॉन पद्धतीने वय काढलं सुमारे ६ लाख ७० हजार वर्षं. तर शेन, वेस्टगेट आदींनी राखेतल्या काचेची रासायनिक घडण तपासून म्हटलं की ही टोबाच्या सगळ्यात अलीकडच्या महास्फोटाची राख आहे, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. टोबाचे मोठे स्फोट एकापेक्षा जास्त, आणि त्यांच्या राखेची घडण एकमेकांशी मिळतीजुळती. त्यात नदीच्या गाळातल्या राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले तर मोजलेलं वय फुगतं. आणि राख आभाळातून पडली तिथेच राहिली, की पावसाने वाहून नंतर दुसरीकडे साचली, हा प्रश्न वेगळाच. वाद त्यानंतरही चालू राहिला.

१४ लाख आणि ७५ हजार. परीक्षेत हे दोन आकडे 'मतभेद' म्हणून एका वाक्यात लिहून गुण मिळतात. पण थोडं थांबून विचार करा. या वादात राखेचा प्रत्येक नमुना हीसुद्धा एक संग्रहातली वस्तू आहे. दोन प्रयोगशाळांनी तपासलेली राख एकाच कड्यातली होती का? थराच्या तळातून घेतली की माथ्यातून? कुणी घेतली, कधी? हे प्रयोगशाळेतलं यंत्र सांगत नाही. पिशवीवरची चिठ्ठी सांगते. आपण चिनी मातीच्या बरण्या आणि मूर्ती कॅटलॉग करतो. मातीच्या पिशव्या मात्र स्टोअरच्या खालच्या फळीवर सरकवतो. माझं स्पष्ट मत आहे की बोरीसारख्या स्थळाच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी आम्ही काही मित्र बोरीला गेलो होतो. रीतसर फील्डवर्क नव्हतं, हौस होती. कड्याच्या पायथ्याशी मला एक बेसॉल्टचा छिलका दिसला. एका बाजूला आघाताचा फुगवटा स्पष्ट, कडा झिजलेल्या. मी तो उचलला, रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला. पुण्याला येऊन मित्रांना दाखवला, फोटो काढला, खोलीतल्या फळीवर ठेवला. तीन वर्षांनी पीएचडीला लागल्यावर मार्गदर्शकांना मोठ्या अभिमानाने नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि एकच विचारलं, "वरचा की खालचा?"

मला माहीत नव्हतं. पायथ्याशी होता म्हणजे वरून घसरून आला असणार, पण किती वरून? राखेच्या वरून की राखेखालून? की पुराने दुसरीकडूनच आणला होता? त्या दिवशी मी नदीचा कुठला काठ होता एवढंही खात्रीने सांगू शकलो नाही. दगड तोच होता, फुगवटा तोच होता, आणि तरी त्याचं काहीच होऊ शकत नव्हतं. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. परवानगीशिवाय स्थळावरून वस्तू उचलणंच मुळात चूक आहे, ते कळायलाही मला तेव्हाच सुरुवात झाली.

तर आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. कपाटापासून नाही, कागदापासून सुरू करायचं.

पहिला कागद म्हणजे छापील अहवाल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं 'इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू' हे वार्षिक १९५३-५४पासूनचं आहे. त्यात देशभरच्या पाहण्या आणि उत्खननांच्या छोट्या छोट्या नोंदी असतात. चार ओळींची नोंद, पण तिच्यात कुणी, कुठल्या संस्थेतर्फे, कुठे काम केलं ते असतं. त्याच्याबरोबर डेक्कन कॉलेजचं बुलेटिन, 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट' आणि भूशास्त्राची नियतकालिकं. वाचताना निष्कर्षाच्या मागे लागू नका. आकृत्यांखालच्या ओळी वाचा, तक्त्यांतले नमुन्यांचे क्रमांक उतरवून घ्या, आभाराचा परिच्छेद वाचा. आभारात कुठल्या प्रयोगशाळेने नमुना तपासला, चित्रं कुणी काढली हे येतं, आणि वस्तू कुठल्या कुठल्या हातांतून गेली त्याचा माग तिथेच लागतो.

डेक्कन कॉलेज हे बोरीसाठी पहिलं दार का, तर या कामातले बरेच संशोधक त्या संस्थेशी जोडलेले होते. ही संस्था १८२१ची, पण तिचं संशोधन संस्थेचं रूप १९३९चं, आणि ह. धी. सांकलिया तिथे त्याच वर्षी आले. त्याच सुमाराला साताऱ्याचा द. ब. पारसनीसांचा ऐतिहासिक संग्रहही तिथे आला. म्हणजे एकाच आवारात एकीकडे अश्मयुगाची हत्यारं, दुसरीकडे मराठेशाहीची कागदपत्रं. नुसतं 'डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये' असं लिहिलंत तर वाचणारा विचारणार, कुठल्या?

दुसरा कागद म्हणजे अ‍ॅक्सेशन रजिस्टर. संग्रहालयात वस्तू आली की तिला एक क्रमांक मिळतो आणि तो रजिस्टरमध्ये चढतो: कधी आली, कुणाकडून, कशी (देणगी, खरेदी, उत्खनन, उसनी), कुठे सापडली, माप, स्थिती. हा क्रमांक वस्तूचा जन्मदाखला समजा. कॅटलॉग कार्ड नंतर बनतं, त्यात अभ्यासकाचं मत येतं, ते बदलू शकतं. रजिस्टर सहसा बदलत नाही. म्हणून कार्ड आणि रजिस्टर जुळत नसेल तेव्हा रजिस्टरची ओळ आधी वाचा, आणि न जुळणं हेही वहीत नोंदवा.

पण उत्खननाच्या मालाची गंमत अशी की त्याला बऱ्याचदा म्युझियमचा क्रमांक मिळतच नाही. त्याच्यावर उत्खननाचा क्रमांक असतो: स्थळाची दोन-तीन अक्षरं, खड्डा, थर, अनुक्रमांक, काळ्या किंवा पांढऱ्या शाईने थेट वस्तूवर लिहिलेला. हा क्रमांक म्युझियमच्या क्रमांकासारखा दिसला तरी तो वेगळ्या वहीतला असतो. ती वही म्हणजे फील्ड डायरी, आणि ती संग्रहालयात नव्हे तर विभागात, ग्रंथालयात किंवा निवृत्त प्राध्यापकांच्या घरी असू शकते. काळ्या बेसॉल्टवर शाई दिसत नाही म्हणून आधी पांढरा ठिपका देतात. तो ठिपका जर झिजलेल्या भागावर असेल तर दगडाच्या पापुद्र्याबरोबर निघून जातो. आपल्याकडचा बेसॉल्ट हवेपाण्याने लवकर कुजतो, त्याची साल सुटते. तमिळनाडूतल्या क्वार्टझाइटच्या हत्यारांचं तसं होत नाही. महाराष्ट्रातल्या हत्यारांवरचे क्रमांक वाचताना भिंग आणि तिरपा टॉर्च बरोबर ठेवाच.

तमिळनाडूवरून आठवलं. रॉबर्ट ब्रूस फूटने ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला भारतातली पहिली पुराश्मयुगीन हातकुऱ्हाड ओळखली, हे तुम्ही पाठच केलं असेल. मला त्याचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. त्याने आयुष्यभर जमवलेला संग्रह १९०४मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाकडे गेला आणि त्याने स्वतः त्याचा कॅटलॉग तयार केला. तो १९१४मध्ये, फूटच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापला गेला; टिपणांचा दुसरा खंड १९१६चा. क्रमांक, गाव, जिल्हा, वस्तू. कंटाळवाणं पुस्तक आहे. पण शंभर वर्षांनंतरही फूटने नोंदलेल्या जागी परत जाता येतं. त्यानेच १८६३मध्ये शोधलेल्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी पुन्हा खोदलं आणि २०११मध्ये तिथली अश्युलियन हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचं प्रसिद्ध केलं. या आकड्यानंतर बोरीचं '१४ लाख' निव्वळ अशक्य म्हणून उडवून लावता येत नाही. सिद्ध होतं असं मात्र अजिबात नाही; ती गल्लत मुलाखतीत करू नका.

जवळचं उदाहरण हवं असेल तर इनामगाव. शिरूर तालुक्यातलं, घोडनदीच्या काठचं, म्हणजे कुकडीचं पाणी जिला मिळतं तीच नदी. १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन चाललं, दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यात लहान मुलांची खूप. प्रत्येक सांगाड्याला 'आयएनएम' अक्षरं आणि क्रमांक. १९८६मध्ये ल्यूकॅक्स आणि वाळिंबे यांनी त्यांचा शारीरिक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी अभ्यासिकेने त्याच मुलांच्या हाडांवरून ताम्रपाषाणयुगातली वाढ, कुपोषण आणि हवामानबदल यांवर काम केलं. तिचं पुस्तक २०११चं. खोदणाऱ्यांच्या डोक्यात हे प्रश्न तेव्हा नव्हते. क्रमांक होते, थर लिहिलेले होते, म्हणून नवीन प्रश्न जुन्या हाडांना विचारता आला.

याच्या उलट नाण्यांचं होतं. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा ४६व्या वर्षाचा लेख आहे. तो लेख जिथल्या तिथे आहे, दगडात आहे, त्याला ल्यूडर्सने १९१२च्या ब्राह्मी लेखांच्या यादीत क्रमांक दिला, त्यामुळे जगात कुठेही तो क्रमांक सांगितला की लेख कळतो. त्याच नहपानाची चांदीची नाणी १९०६मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला सापडली, तेरा हजारांहून जास्त, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. एका मडक्यातला साठा हाच खरा पुरावा होता. असा साठा वेगवेगळ्या कपाटांत वाटला गेला की प्रत्येक नाणं देखणं राहतं पण साठा राहत नाही. अशा सापडलेल्या वस्तूंचा माग काढायचा तर १८७८चा निखात निधी कायदा माहीत हवा. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्याला कळवणं त्यात बंधनकारक आहे, म्हणून गावात सापडलेल्या नाण्यांची कहाणी कधीकधी म्युझियमपेक्षा महसुली दप्तरात जास्त सापडते.

आता संगणकाचं. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणाली केली आहे आणि राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तू त्यातून ऑनलाइन बघता येतात. जरूर वापरा. फक्त हे लक्षात ठेवा की पोर्टलवर आधी जातात त्या मूर्ती, चित्रं, शस्त्रं. कुजलेल्या बेसॉल्टच्या छिलक्यांचा ट्रे कुणी हौसेने स्कॅन करत नाही. पोर्टलवर नाही म्हणजे संग्रहात नाही, असं लिहून मोकळे होऊ नका.

संग्रहालयाला पत्र पाठवताना 'बोरीची हत्यारं बघायची आहेत' असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कुठल्या वर्षाचं काम, कुणाचं, कुठल्या लेखातली कुठली आकृती, माहीत असतील ते क्रमांक, आणि तुम्हाला वस्तू हातात घ्यायची आहे की मोजायची की फक्त फोटो हवाय, एवढं एका पानात द्या. मार्गदर्शकांचं पत्र जोडा. गेल्यावर जुनी चिठ्ठी दिसली, अगदी चुकीची वाटली तरी, ती काढू नका, दुरुस्त करू नका; फोटो घ्या आणि होती तशी परत ठेवा. ट्रेमधून एका वेळी एकच वस्तू बाहेर. मला एका ठिकाणी (नाव नको) एका पिशवीत दोन वेगळ्या स्थळांच्या चिठ्ठ्या मिळाल्या. कुणीतरी चहाच्या वेळेला दोन ट्रे एकत्र ओतले असणार. ते दगड आता कुठल्याच स्थळाचे नाहीत.

त्या मुलीला मी शेवटी लिहिलं की आधी १९९५चे दोन्ही लेख काढ, तक्त्यांतले क्रमांक उतरव, मग आपण दोघं मिळून पत्राचा मसुदा करू. तिने विचारलं, "आणि तुमचा तो दगड?" तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय.

तो दगड मी मागच्या वर्षी विभागात जमा केला. शिकवण्याच्या ट्रेमध्ये आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांना आघाताचा फुगवटा दाखवायला. चिठ्ठी माझ्याच अक्षरात आहे: बोरी बुद्रुक, ता. जुन्नर, कुकडी नदी, पृष्ठभागावरून, काठ अनिश्चित, थर अज्ञात. खाली उचलणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. तिथे माझं नाव आहे.